तुमचा आकडा उलटतपासणीत टिकेल का?

गेल्या आठवड्यात आमच्या लॅबमध्ये नव्याने आलेल्या एका मुलीने विचारलं, "ताई, नोटबुकमध्ये रोज तारीख, वेळ, ॲसिडच्या बाटलीचा लॉट नंबर, वजनकाट्याचा नंबर... हे सगळं लिहायलाच हवं का? शेवटी पेपरमध्ये तर एकच टेबल जातं." प्रश्न रास्त आहे. पहिल्या वर्षी मीही सरांना हेच विचारलं होतं. त्यांनी काही समजावलं नाही, नुसतं "लिहीत जा" म्हणाले. खरं उत्तर मला तिसऱ्या वर्षी मिळालं आणि ते महागात पडलं. त्याबद्दल पुढे सांगते, आधी विषयाची ओळख करून घेऊ.

तुमच्यापैकी बरेच जण नेट, सेट किंवा पेटची तयारी करत असाल. पीएचडी करून पुढे काय, याची आपल्याकडे ठरलेली उत्तरं आहेत: प्राध्यापकी, पोस्टडॉक, नाहीतर एखाद्या कंपनीचा आर अँड डी विभाग. आणखी एक काम आहे आणि त्याबद्दल कुठल्याच कोर्सवर्कमध्ये कोणी बोलत नाही. दोन पक्षांचा वाद कोर्टात किंवा लवादापुढे जातो आणि वादाचा गाभा तांत्रिक असतो, तेव्हा कोणीतरी तज्ज्ञ म्हणून मत द्यावं लागतं. एखाद्या कंपनीला आपल्याच कारखान्यात काही गडबड झाल्याचा संशय येतो, तेव्हा बाहेरचा माणूस बोलावून आतला डेटा तपासून घेतला जातो. आणि नियामकाची नोटीस येण्याची शक्यता दिसते, मग तो अन्नाचा असो, औषधांचा असो की प्रदूषणाचा, तेव्हा आपली बाजू कुठे कच्ची आहे हे आधीच जाणून घ्यायला तज्ज्ञ लागतो. यासाठी मोठमोठ्या सल्लागार कंपन्या आहेत, त्यात अर्थतज्ज्ञ, हिशेब तपासणारे, संख्याशास्त्रज्ञ, रसायनशास्त्रज्ञ असे सगळे असतात. आपल्याकडे मात्र हे काम अजून बऱ्याचदा "अमुक सरांना विचारू या" असंच चालतं.

कायदा तज्ज्ञाकडे कसं बघतो

साक्षीदाराचा साधा नियम असा, की डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं तेवढंच सांगायचं. "मला वाटतं" म्हणायची मुभा त्याला नाही. तज्ज्ञ हा या नियमाला अपवाद. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ४५ ने ही सोय केली होती. १ जुलै २०२४ पासून तो कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि आता ही तरतूद कलम ३९ मध्ये आहे. परकीय कायदा, विज्ञान, कला, हस्ताक्षर, बोटांचे ठसे अशा बाबतीत त्या विषयात विशेष पारंगत असलेल्या माणसाचं मत कोर्ट विचारात घेऊ शकतं. 'विचारात घेऊ शकतं' हे शब्द नीट वाचा. ते मान्य करायला कोर्ट बांधील नाही.

इथे आपल्यासारख्यांची एक गैरसमजूत असते, की पदवी आहे म्हणजे तज्ज्ञ झालो. सर्वोच्च न्यायालयाचा १९९९ चा एक निकाल आहे, हिमाचल प्रदेश सरकार विरुद्ध जयलाल. सुप्रीम कोर्टाचं नाव घेतलं की आपल्याला काहीतरी गंभीर घटनात्मक वाद आठवतो, पण हा वाद आहे सफरचंदांचा. १९८३ मध्ये तिथल्या सफरचंदांवर स्कॅब नावाचा बुरशीजन्य रोग पडला. शेतकऱ्यांचं नुकसान टळावं म्हणून सरकारने रोगट फळं आधारभावाने विकत घेऊन नष्ट करायची योजना आणली. नंतर आरोप झाला, की काहींनी आपल्या बागेत पिकूच शकणार नाहीत एवढी फळं सरकारला विकली. मग बागेची क्षमता ठरवायला फलोत्पादन खात्याच्या अधिकाऱ्याने बागेची पाहणी करून अंदाज दिला. त्या अंदाजावर खटला उभा राहिला आणि त्याच अंदाजावर तो कोसळला. कोर्टाने म्हटलं, की अशा अंदाजाचं विशेष प्रशिक्षण किंवा अभ्यास या अधिकाऱ्याकडे दिसत नाही, म्हणून या बाबतीत त्याला तज्ज्ञ मानता येणार नाही. त्याहून महत्त्वाचा मुद्दा पुढचा आहे. तज्ज्ञाचं काम न्यायाधीशाला नुसता निष्कर्ष देण्याचं नाही. तो निष्कर्ष तपासून पाहता येईल असे शास्त्रीय निकष आणि त्यामागची सामग्री त्याने पुढे ठेवायची, म्हणजे न्यायाधीश स्वतःचं मत बनवू शकेल. शिवाय अहवाल कागदावर दिला की काम संपत नाही. साक्षीला उभं राहून उलटतपासणीला तोंड द्यावं लागतं.

थोडक्यात, 'मेथड्स' हा विभाग जो आपण थिसिसमध्ये शेवटी घाईघाईने लिहितो, कोर्टाला सगळ्यात जास्त रस त्यातच असतो.

मॅगीचं उदाहरण, आणि त्यात आपल्याला शिकण्यासारखं बरंच काही

२०१५ सालचं मॅगी प्रकरण तुम्हाला आठवत असेल. तुम्ही तेव्हा शाळेत असाल, दुकानातून पाकिटं गायब झाली होती एवढं नक्की आठवेल. मी तेव्हा बीएस्सीला होते आणि होस्टेलवर आमची मोठीच पंचाईत झाली होती. पण त्या प्रकरणाचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिला आणि ॲनालिटिकल केमिस्ट्री शिकणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी वाचावा असं मला मनापासून वाटतं. कोणत्याही पाठ्यपुस्तकातल्या 'सॅम्पलिंग' या धड्यापेक्षा तो जास्त शिकवतो.

सुरुवात उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीतून झाली. २०१४ मध्ये तिथल्या अन्नसुरक्षा अधिकाऱ्याने पाकिटं उचलली. गोरखपूरच्या लॅबने त्यात एमएसजी, म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, असल्याचं सांगितलं. पाकिटावर मात्र 'नो ॲडेड एमएसजी' छापलेलं. कंपनीने आक्षेप घेतल्यावर नमुना कोलकात्याच्या केंद्रीय लॅबकडे गेला. सॅम्पल उचलल्यानंतर वर्ष उलटून गेल्यावर, २०१५ च्या एप्रिलमध्ये, तिचा अहवाल आला, आणि त्यात एमएसजीबरोबर एक नवीच गोष्ट होती. शिसं, १७.२ पीपीएम. मर्यादा होती २.५ पीपीएम.

हा आकडा नुसता वाचून पुढे जाऊ नका, जरा हिशेब करा. १७.२ पीपीएम म्हणजे किलोमागे १७.२ मिलिग्रॅम. ७० ग्रॅमच्या पाकिटात साधारण १.२ मिलिग्रॅम शिसं. मर्यादेप्रमाणे जास्तीत जास्त ०.१७५ मिलिग्रॅम चालेल. म्हणजे जवळजवळ सातपट. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो हे आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे नियामकाने हातावर हात ठेवून बसावं असं कोणीच म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. ५ जून २०१५ ला एफएसएसएआयने मॅगीच्या नऊ प्रकारांवर देशभर बंदी घातली, पाठोपाठ महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही आदेश काढला. कंपनीने हजारो टन माल बाजारातून परत घेऊन नष्ट केला आणि त्याच वेळी ती मुंबई उच्च न्यायालयात गेली.

मधल्या काळात राज्याराज्यांतून जे अहवाल येत होते ते बघा. दिल्लीत १३ पैकी १० नमुन्यांमध्ये मसाल्यातलं शिसं मर्यादेबाहेर आढळलं. गोव्यात तपासलेले नमुने मर्यादेत निघाले. सिंगापूर आणि ब्रिटनच्या यंत्रणांनी भारतात बनलेली मॅगी तपासली, तीही मर्यादेत. एकच ब्रँड, एकच मूलद्रव्य, आणि इतकी तफावत! सामान्य माणूस म्हणेल, कोणीतरी खोटं बोलतंय. ॲनालिटिकल केमिस्ट असं लगेच म्हणत नाही. तो आधी विचारतो: नमुना कुठला, कधीचा, कसा ठेवलेला? नूडल्स आणि मसाला एकत्र दळला की वेगवेगळा? कंपनीचं म्हणणं होतं, खाताना दोन्ही एकत्रच खातात, म्हणून तपासणीही एकत्र करा. नियामकाला ते मान्य नव्हतं. मसाल्याची पुडी वजनाने छोटी, त्यामुळे शिसं मसाल्यात असेल तर दोन्ही पद्धतींनी येणारे आकडे कितीतरी वेगळे असतील. दोन्ही आकडे 'बरोबर' असू शकतात, फक्त ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

शिसं मोजणं तर आणखीनच बेभरवशाचं. ज्यांनी आयसीपी-एमएसवर काम केलंय त्यांना माहीत आहे, शिसं धुळीत असतं, जुन्या रंगाच्या पोपड्यात असतं, हलक्या प्रतीच्या नायट्रिक ॲसिडमध्ये असतं, नीट न धुतलेल्या काचेत असतं. म्हणून प्रत्येक बॅचबरोबर ब्लँक चालवायचा, प्रमाणित संदर्भ पदार्थ चालवायचा, इंटर्नल स्टँडर्डची रिकव्हरी बघायची. हे सगळं केल्याची नोंद असेल तर १७.२ हा आकडा भक्कम. नोंद नसेल तर तो फक्त एक आकडा.

१३ ऑगस्ट २०१५ ला न्यायमूर्ती कानडे आणि न्यायमूर्ती कुलाबावाला यांच्या खंडपीठाने बंदी रद्द केली. कारणं दोन प्रकारची होती. एक, कंपनीला म्हणणं मांडायची पुरेशी संधी न देता आदेश काढला, म्हणजे नैसर्गिक न्यायाचं तत्त्व पाळलं गेलं नाही. हे वकिलांचं क्षेत्र. दुसरं कारण आपल्या क्षेत्रातलं. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे तपासणी मान्यताप्राप्त लॅबमध्ये व्हायला हवी, म्हणजे एनएबीएलसारख्या संस्थेची मान्यता हवी आणि अन्न प्राधिकरणाने ती लॅब अधिसूचित केलेली हवी. कलम ४७ सांगतं नमुना कसा घ्यायचा: चार भाग करायचे, सील करायचे, एक विश्लेषकाकडे पाठवायचा, उरलेले पुढच्या पडताळणीसाठी राखून ठेवायचे. ज्या अहवालांवर बंदी उभी होती, त्यांच्यामागच्या लॅब या कसोटीवर उतरल्या नाहीत आणि नमुन्याची पद्धतही पाळली गेली नव्हती, असं कोर्टाला आढळलं.

पण कोर्ट तिथेच थांबलं नाही, आणि हा भाग मला फार आवडतो. 'अहवाल चुकीच्या पद्धतीचे, म्हणून माल चांगला' असं कोर्टाने म्हटलं नाही. हे दोन वेगळे मुद्दे आहेत आणि आपण जर्नल क्लबमध्ये सर्रास त्यांची गल्लत करतो. कोर्टाने नव्याने तपासणी करायला सांगितली: नऊ प्रकार, प्रत्येकाचे पाच नमुने, हैदराबाद, मोहाली आणि जयपूर इथल्या तीन मान्यताप्राप्त लॅब, सहा आठवड्यांची मुदत. त्यात शिसं मर्यादेत निघालं तरच उत्पादन सुरू करायचं, आणि नव्याने बनलेला मालसुद्धा याच लॅबमधून तपासून घेतल्यावरच विकायचा. ऑक्टोबरमध्ये निकाल आले, शिसं मर्यादेत होतं. नोव्हेंबरमध्ये मॅगी परत दुकानात आली. केंद्र सरकारने राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे ६४० कोटींचा वेगळा दावा लावला होता. तो बरीच वर्षं चालला आणि २०२४ मध्ये फेटाळला गेला.

आता त्या एमएसजीकडे परत येऊ, कारण मूळ भांडण त्याचं होतं. ग्लुटामेट टोमॅटोत असतं, कांद्याच्या पावडरीत असतं, गव्हातल्या आणि शेंगदाण्यातल्या प्रथिनांचं विघटन झालं की सुटं होतं. लॅबची चाचणी मोजते एकूण सुटं ग्लुटामेट. ते कारखान्यात वरून घातलं की मुळातच होतं हे ती चाचणी सांगत नाही, सांगूच शकत नाही, कारण रेणू एकच आहे. मग 'वरून घातलेलं नाही' हा छापील दावा त्या चाचणीने खोटा ठरतो का? नाही. खरा ठरतो का? तोही नाही. तुम्ही तज्ज्ञ म्हणून उभे असता आणि वकील विचारतो, "म्हणजे यात एमएसजी आहे, होय की नाही?" तेव्हा "ही चाचणी त्या प्रश्नाचं उत्तर देत नाही" असं शांतपणे म्हणता येणं हेच या कामातलं खरं कौशल्य. ऐकायला सोपं वाटतं. समोर न्यायाधीश बसलेले असताना आणि तुमची फी एका बाजूने भरलेली असताना सोपं नसतं.

माझं काय झालं

तिसऱ्या वर्षी आमच्या सरांकडे एक वकील आले. एका छोट्या कारखान्याने रंगासाठी पावडर विकत घेतली होती. घरगुती रंगात शिशाची कायदेशीर मर्यादा ९० पीपीएम आहे, २०१६ च्या नियमांनी ती घातली, आणि करारातही तेवढीच लिहिलेली. कारखान्याचं म्हणणं, मालात शिसं जास्त आहे, म्हणून पैसे अडवले. पुरवठादाराचं म्हणणं, मर्यादेत आहे. लवादापुढे गेलं प्रकरण. सरांनी नमुना माझ्याकडे दिला.

कारखान्याचा ड्रायव्हर नमुना घेऊन आला, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर मार्करने लिहिलेलं. मी मीटिंगला निघाले होते. पिशवी ड्रॉवरमध्ये ठेवली आणि दुसऱ्या दिवशी आठवून नोंद केली. पहिल्या रनमध्ये उत्तर आलं ८८. पण इंटर्नल स्टँडर्डची रिकव्हरी ७० टक्क्यांवर घसरली होती, म्हणजे तो रन टाकाऊच होता. कोन साफ केले, नवीन कॅलिब्रेशन घातलं, परत चालवलं. तीन वेळच्या मोजणीची सरासरी आली १०४. अहवालात १०४ गेला. पहिल्या रनची फाईल मशीनच्या कॉम्प्युटरवर राहिली, नोटबुकात तिचा उल्लेख नव्हता. का नव्हता? कारण टाकाऊ रन कोण लिहीत बसतो?

दोन महिन्यांनी पुरवठादाराच्या तज्ज्ञाने कच्चा डेटा मागितला. मशीनचा लॉग सगळं सांगतो, तो कोणाच्या बाजूचा नसतो. प्रश्न आला: त्याच नमुन्याचं ८८ हे उत्तर आधी मिळालं होतं, ते ९० च्या खाली आहे, ते अहवालात का नाही? कारण माझ्याकडे होतं आणि ते खरं होतं. पण ते त्या दिवशी लिहिलेलं नव्हतं. दोन महिन्यांनी सांगितलेलं कारण आणि दोन महिन्यांनी रचलेलं कारण, बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. त्यात पिशवीला सील नाही, नोंद दुसऱ्या दिवसाची, आणि आमची लॅब विद्यापीठाची, एनएबीएलची मान्यता नाही. सरांनी अहवाल मागे घेतला. मला एका शब्दाने बोलले नाहीत, ते जास्त लागलं. नंतर कळलं की कारखान्याने तडजोड केली, अडवलेल्या पैशांपैकी बहुतेक देऊन टाकले. त्यांचं म्हणणं खरं होतं असं मला आजही वाटतं. पण वाटून काय उपयोग?

हे लिहू की नको असा बराच विचार केला. पण त्या मुलीला "लिहीत जा" एवढंच सांगणं मला बरोबर वाटलं नाही.

कंपनीच्या आतली चौकशी

इथे एक फरक समजून घ्या. साक्ष देणारा तज्ज्ञ वेगळा आणि पडद्यामागे वकिलाला सल्ला देणारा तज्ज्ञ वेगळा. पहिल्याचा अहवाल, त्याची सामग्री, त्याच्या चुका, सगळं समोरच्या पक्षाला बघायला मिळतं. दुसऱ्याचं काम साधारणपणे गोपनीय राहतं. अमेरिकेत हा फरक नियमांतच लिहिलेला आहे. म्हणूनच मोठ्या कंपन्या तज्ज्ञाला थेट न नेमता वकिलांच्या मार्फत नेमतात.

रॅनबॅक्सी प्रकरणात यावरूनच मोठा वाद झाला. औषधांच्या चाचण्यांचा डेटा बनावट असल्याचं कंपनीच्या आतच २००४ च्या सुमारास उघड झालं होतं. दिनेश ठाकूर या तिथल्या अधिकाऱ्याने ती माहिती जमवली आणि पुढे अमेरिकेच्या एफडीएपर्यंत नेली. नंतर कंपनीने बाहेरचे सल्लागार आणून ऑडिट करून घेतलं. अमेरिकी सरकारने ते अहवाल मागितले, तर कंपनीने सांगितलं की हे काम वकिलांसाठी झालं होतं, त्यामुळे गोपनीय आहे. २००८ मध्ये सरकार त्यासाठी कोर्टात गेलं. शेवटी २०१३ च्या मे महिन्यात कंपनीच्या अमेरिकेतल्या शाखेने गुन्हा कबूल केला आणि एकूण ५० कोटी डॉलर भरायचं ठरलं.

त्या कबुलीतला एक तपशील वाचून माझ्या अंगावर काटा आला. औषध किती दिवस टिकतं हे बघायला ठरावीक महिन्यांच्या अंतराने चाचण्या करायच्या असतात. काही चाचण्या प्रत्यक्षात एकाच दिवशी किंवा थोड्या दिवसांत उरकल्या होत्या, आणि नमुने ठरलेल्या तापमानाऐवजी फ्रिजमध्ये ठेवलेले. यात कुठलंही प्रगत विज्ञान नाही. ही तीच मोहात पाडणारी गोष्ट आहे जी आपण सबमिशनच्या आदल्या रात्री करतो: जर्नलमधली आठवडाभराची रीडिंग्ज एका बैठकीत, एकाच पेनाने. अशा नोंदी पकडणं हे चौकशी करणाऱ्या तज्ज्ञाचं रोजचं काम आहे. तो शाई बघतो, फाईल बनल्याची वेळ बघतो, शेवटचे अंक नको तितके सारखे येतायत का ते बघतो.

आणि पीएचडीवाल्यांनी केलेली एक मोजणी

हे थोडक्यात, कारण बहुतेकांनी ऐकलेलं असतं. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या गटाने २०१३ मध्ये डिझेल गाड्यांच्या मागे मोजयंत्र बांधून त्या रस्त्यावर चालवल्या. अरविंद तिरुवेंगडम, हेमंत कप्पन्ना आणि मार्क बेश ही त्यातली नावं, त्यात पीएचडीचे विद्यार्थीही होते. लॅबमध्ये नियम पाळणाऱ्या दोन गाड्या रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या कितीतरी पट सोडत होत्या, एक १५ ते ३५ पट, दुसरी ५ ते २० पट. तिसरी गाडी एकंदरीत ठीक होती. पुढे काय झालं हे जगाला माहीत आहे: सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगनला नोटीस काढली.

मला सांगायचंय ते त्यांच्या २०१४ च्या अहवालाबद्दल. त्यात गाड्यांना ए, बी, सी म्हटलंय, कंपनीचं नाव घेऊन आरोप नाही. 'फसवणूक' हा शब्द नाही. सॉफ्टवेअरमध्ये काय दडवलंय याचा अंदाज नाही. काय मोजलं, कशाने मोजलं, कोणत्या रस्त्यावर, एवढंच. ते मोजमाप इतकं नीट लिहिलेलं होतं की कॅलिफोर्नियाच्या नियामकाला ते घेऊन पुढची चौकशी करता आली. तिसरी, ठीक वागलेली गाडी तर फारच कामाची ठरली. त्याच यंत्राने, त्याच लोकांनी एक गाडी मर्यादेजवळ मोजली, तेव्हा "तुमचं यंत्रच बिघडलंय" असं म्हणायला जागा उरली नाही. आपल्या भाषेत तो कंट्रोल होता.

तुम्ही आत्ता काय करू शकता

या कामात जायचं की नाही ते नंतर ठरवा. फी बरी मिळते असं ऐकते, पण एका बाजूचे पैसे घेऊन दुसऱ्या बाजूला उपयोगी पडेल असं खरं बोलायची तयारी लागते. इंग्लंडच्या दिवाणी नियमांत तर लिहिलेलंच आहे, की तज्ज्ञाचं कर्तव्य कोर्टाप्रती आहे आणि ते पैसे देणाऱ्यापेक्षा वरचं आहे. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या नियमांत दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांना एकत्र बसवून समोरासमोर साक्ष घ्यायची सोय आहे, त्याला 'हॉट-टबिंग' असं गमतीशीर नाव आहे. स्वतःच्या क्षेत्रातला माणूस शेजारी बसलेला असताना थापा मारता येत नाहीत.

पीएचडीला लागण्याआधी जमलं तर एखाद्या एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबमध्ये महिनाभर इंटर्नशिप करा. तिथलं काम कंटाळवाणं वाटेल. नमुना आला की नंबर, सील तपासून सही, राखीव भाग वेगळ्या कपाटात, कपाटाची किल्ली कोणाकडे त्याची वही. आयएसओ १७०२५ हे मानक एकदा वरवर का होईना वाचा. फार्मात जाणार असाल तर 'अल्कोआ' हा शब्द ऐकाल: नोंद कोणी केली ते कळावं, ती वाचता यावी, काम करतानाच केलेली असावी, मूळ असावी, अचूक असावी. यातली 'काम करतानाच' ही अट मी मोडली होती.

त्या मुलीला मी माझं तिसऱ्या वर्षाचं नोटबुक दाखवलं, ते पान उघडून. मग आताचं दाखवलं. त्यात टाकलेले रनही आहेत, एका ओळीत: फाईलचं नाव, रिकव्हरी किती, का टाकला, वेळ, सही. ती म्हणाली, "यात तर टाकलेलेच जास्त आहेत." मी म्हटलं, हो, असतातच.